स्टार्क्स पार्क, कर्कॉडी: तिकीट घ्यावं का?

एडिंबराला कुणी मराठी माणूस नवा आला आणि त्याला फुटबॉल बघायचा असला, की फोन माझ्याकडं येतो. कोल्हापूरचा आहे म्हणजे याला माहीत असणारच, असा सगळ्यांचा हिशेब. बहुतेकांना ग्लासगोला जाऊन सेल्टिक नाहीतर रेंजर्स बघायचं असतं. मी सांगतो, ते नंतर बघा. आधी एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून फाइफ परगण्याकडं जाणारी गाडी धरा आणि कर्कॉडीला उतरा. तिथं रेथ रोव्हर्स म्हणून क्लब आहे, १८८३ सालचा. त्याच्या मैदानाचं नाव स्टार्क्स पार्क. २०२३ च्या ऑगस्टपासून मी लेकीला घेऊन तिथं जातोय. ती तेव्हा आठ वर्षांची होती. इतक्या शनिवारांनंतर आता सविस्तर लिहायला हरकत नाही.

गाडीत उजव्या खिडकीला बसा. फोर्थच्या खाडीवरचा तांबडा रेल्वेपूल ओलांडला की बर्नटायलंडपासून किंगहॉर्नपर्यंत रूळ समुद्राच्या कडेकडेनं जातात, आणि कर्कॉडी स्टेशन यायच्या जरा आधी खिडकीतून थेट मैदान दिसतं. रूळ स्टँडच्या मागूनच गेलेत. सामना चालू असताना गाडी गेली की आतली माणसं काचेला नाक लावून स्कोअर बघायला धडपडतात. माझी लेक दर वेळी गाडीला हात करते. स्टेशनवरून मैदान चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. गावात लिनोलियमचे कारखाने होते, एक अजून चालतो, आणि वारा तिकडून असला की जवसाच्या तेलाचा वास येतो. आमच्या आजीच्या घरी जवसाची चटणी कुटायची त्या दिवशीचा वास मला पहिल्याच दिवशी आठवला.

मैदान लहान आहे. साडेआठ हजारांच्या वर थोडी माणसं बसतात, आणि ते भरतं क्वचित. जुना स्टँड १९२० च्या दशकातला, आर्चिबाल्ड लीच या स्थापत्यकारानं बांधलेला. स्कॉटलंड-इंग्लंडमधली पुष्कळ जुनी मैदानं याच माणसाच्या हातची. इथला स्टँड कोपऱ्यात काटकोनात वळतो आणि बाजूची रेषा पुरी न झाकता अर्ध्यावरच थांबतो. असा अर्धा स्टँड मी दुसरीकडं बघितलेला नाही. गवत २०१८ पासून कृत्रिम आहे. जुन्या लोकांना ते आवडत नाही, पण जानेवारीत सगळा देश गारठून सामने रद्द होत असतात तेव्हा इथं शिट्टी वाजते. वारा मात्र समुद्रावरून सरळ अंगावर येतो. मे महिन्यातही कानटोपी न्या.

खायला 'पाय' (इंग्रजी pie) मिळतो. कडक पिठाच्या वाटीत मिरी घातलेला खिमा, वरून झाकण. मूळचा मटणाचा, पण हल्ली पुष्कळ ठिकाणी गोमांस असतं, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. बोव्हरिल नावाचं गरम काळं पेयही गोमांसाच्या अर्काचंच. मी डब्यात कांदा-लसूण मसाला नेतो आणि पायाचं झाकण उचलून आत भुरभुरतो. शेजारच्या आजोबांनी एकदा मागून घेतला, तेव्हापासून त्यांच्यासाठी वेगळी पुडी असते.

हे आजोबा म्हणजे या तिकिटातली निम्मी किंमत वसूल. वय पंच्याहत्तरच्या पुढं. २७ नोव्हेंबर १९९४ ला ते ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर होते, जेव्हा दुसऱ्या श्रेणीतल्या रेथनं लीग कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिकला पेनल्टीवर हरवलं. २-२ बरोबरी, मग पेनल्टीवर ६-५. सेल्टिकचा कर्णधार पॉल मॅकस्टे याची किक स्कॉट थॉमसननं अडवली, तो क्षण ते हातवारे करून दाखवतात. पुढच्या वर्षी युएफा कपात म्युनिकला बायर्नविरुद्ध मध्यंतराला रेथ १-०नं पुढं होतं. सामना हरले, पण त्या वेळच्या स्कोअरबोर्डचा फोटो या गावात देवघरातल्या तसबिरीसारखा जपलाय. गॉर्डन ब्राउन, पुढं ब्रिटनचे पंतप्रधान झाले ते, लहानपणी याच मैदानावर सामन्याचे कार्यक्रमपत्रक विकायचे.

आमच्या उजव्या हाताला एक बाई बसतात. शाळेत शिकवतात. लेकीला ऑफसाइड त्यांनी समजावला, माझ्याकडून जमलं नव्हतं. डावीकडं आजोबा, उजवीकडं बाई, मध्ये आम्ही दोघं. पहिले दोन-तीन महिने माझ्या लक्षात आलं नाही, पण नंतर जाणवलं की ही दोन माणसं आमच्यावरून एकमेकांशी वाद घालतात आणि त्या वादाला सुरुवात आम्ही यायच्या आधीच झालेली आहे. शेवटी एका पावसाळी मध्यंतराला मी विचारलं. आजोबा म्हणाले, "गुडविली." बाई काही बोलल्या नाहीत.

आता हे नीट सांगायला हवं, कारण या मैदानाबद्दल लिहायचं आणि हे वगळायचं, असं करता येणार नाही.

डेव्हिड गुडविली हा स्ट्रायकर. स्कॉटलंडकडून खेळलेला. २०११ च्या जानेवारीत आर्माडेल गावात घडलेल्या घटनेवरून एका तरुणीनं त्याच्यावर आणि त्याच्या संघातल्या दुसऱ्या खेळाडूवर बलात्काराचा आरोप केला. पुरावा पुरेसा नाही म्हणून फौजदारी खटला चालला नाही. तिनं दिवाणी दावा लावला. २०१७ च्या जानेवारीत एडिंबराच्या कोर्ट ऑफ सेशननं दोघांनी बलात्कार केला असा निर्वाळा दिला आणि एक लाख पौंड भरपाई ठरवली. अपील त्याच वर्षी फेटाळलं गेलं. या प्रकरणात तो तुरुंगात गेलेला नाही, फौजदारी कोर्टानं त्याला गुन्हेगार ठरवलेलं नाही. दिवाणी दाव्यात कुठली बाजू जास्त संभवनीय एवढंच तोलतात. आजोबा हे मुद्दाम सांगतात आणि ते बरोबर सांगतात.

निकालानंतर काही आठवड्यांत क्लाइड या छोट्या क्लबनं त्याला घेतलं. तिथं त्यानं जवळजवळ पाच वर्षांत शंभराहून जास्त गोल मारले. ३१ जानेवारी २०२२, सोमवार, खेळाडू घ्यायच्या मुदतीचा शेवटचा दिवस. रेथनं त्याच्याशी अडीच वर्षांचा करार केला. मंगळवारी वॅल मॅकडर्मिड यांनी जर्सीवरचं आपलं प्रायोजकत्व काढून घेतलं. रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखिका याच गावच्या, वडील रेथसाठी खेळाडू हेरायचे, इथल्या एका स्टँडला मॅकडर्मिड हे नाव दिलेलं होतं. महिला संघाची कर्णधार टायलर रॅट्री हिनं दहा वर्षांनंतर क्लब सोडला. दोन संचालकांनी राजीनामे दिले. क्लबनं आधी निवेदन काढलं की हा सर्वप्रथम फुटबॉलचा निर्णय आहे. गुरुवारी अध्यक्षांनी माफी मागितली, चूक झाली म्हटलं, तो आमच्याकडून खेळणार नाही असं जाहीर केलं. सोमवारी सही, गुरुवारी माफी. रेथच्या जर्सीत तो मैदानात उतरलाच नाही. पण तोवर महिला संघ क्लबपासून वेगळा झाला आणि मॅकडर्मिड लेडीज या नावानं खेळू लागला.

मार्चमध्ये त्याला उसन्या खेळाडूच्या कराराखाली परत क्लाइडकडं पाठवलं, तर तिथल्या महिला संघाच्या पोरींनी खेळणं सोडलं आणि मैदानाची मालक असलेल्या नॉर्थ लॅनर्कशायर कौन्सिलनं त्याला पाय ठेवू देणार नाही म्हणून सांगितलं. तो करारही काही दिवसांत मोडला. रेथनं सप्टेंबर २०२२ ला त्याचा करार संपवला. २०२३ मध्ये क्लबची मालकी बदलली.

आमच्या शेजारच्या बाईंनी त्या आठवड्यात सीझन तिकीट पाकिटात घालून परत पाठवलं होतं. बारा वर्षांची असल्यापासून त्या येत होत्या. "वर्गात पंधरा वर्षांच्या मुली बसतात," त्या मला म्हणाल्या. "सोमवारी रात्री बातमी आली. मंगळवारी सकाळी त्या माझ्याकडं बघत होत्या. मी रेथची आहे हे सगळ्यांना माहीत." मालकी बदलल्यावर त्या परत आल्या, त्याच खुर्चीवर.

आजोबांनी तिकीट परत केलं नाही. त्यांचं कारण कळायला मला अजून दोन महिने लागले. त्यांचा धाकटा मुलगा तरुणपणी तुरुंगात जाऊन आला होता. कशासाठी ते मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर गावात त्याला कुणी काम देईना. शेवटी तो इंग्लंडला गेला आणि तिथंच राहिला. "माणसानं शिक्षा भोगली की दार उघडं पाहिजे," आजोबा म्हणतात. "नाहीतर त्यानं जायचं कुठं?" या वाक्यावर हसण्यासारखं काही नाही. ते ज्या आवाजात बोलतात तो ऐकला की उलट उत्तर द्यायला जीभ रेटत नाही.

ते उदाहरणंही काढतात. शेफील्ड युनायटेडच्या चेड इव्हान्सला २०१२ मध्ये बलात्काराबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. अर्धी भोगून तो २०१४ च्या ऑक्टोबरात सुटला आणि क्लबनं त्याला सरावाला बोलावलं. तेव्हा ऑलिंपिक सुवर्णविजेती जेसिका एनिस-हिल म्हणाली, त्याला घेतलं तर स्टँडवरचं माझं नाव काढा. क्लब मागं हटला. मग ओल्डहॅमनं प्रयत्न केला, तेही मागं हटले. २०१६ मध्ये अपील कोर्टानं शिक्षा रद्द केली, फेरखटला झाला आणि ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. "मग तेव्हा ओरडणाऱ्यांचं काय?" आजोबा विचारतात. बाई म्हणतात, "तेव्हा जो निकाल हातात होता त्यावरच बोलायला हवं होतं. आणि इथं अपील फेटाळलेलं होतं." मला दोन्ही पटतं. कोर्टसुद्धा चुकतं, म्हणून कोर्टाचा निकाल हातात असताना त्याच्याकडं पाठ करायची असा अर्थ होत नाही.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते तिसऱ्या उदाहरणानं, आणि ते बाईंनी काढलं. प्लिमथचा गोलकीपर ल्यूक मॅकॉर्मिक. २००८ मध्ये दारू पिऊन मोटार चालवताना त्यानं धडक दिली, त्यात दोन लहान भाऊ गेले. त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला, सात वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली, २०१२ मध्ये सुटला, आणि पुढच्या वर्षी प्लिमथनं त्याला परत घेतलं. "त्याला घेतलं ते मला सहन झालं असतं का, ठाऊक नाही," बाई म्हणाल्या, "पण त्यानं निदान केलं ते केलं म्हटलं."

हे ऐकलं आणि मला आमची पेठ आठवली.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो. कुस्तीच्या तालमीत फुटबॉल संघ, आणि पेठेची सगळी इज्जत त्या जर्सीवर. कुठली पेठ, कुठली तालीम ते मी सांगत नाही. मी नववीत होतो. आमचा राईट आऊट म्हणजे वारा होता. शाहू स्टेडियमवर त्याच्याकडं बॉल गेला की आख्खा कट्टा उठून उभा राहायचा. एका सामन्यानंतर रस्त्यावर मारामारी झाली, त्यानं दुसऱ्या पेठेतल्या पोराच्या डोक्यात हॉकी स्टिक घातली. पोरगं वाचलं, पण एका डोळ्यानं अधू झालं. आमचा राईट आऊट आत गेला. दीड वर्षानं सुटून आला तो हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर. पोरं फटाके घेऊन तयार. तालमीत बैठक बसली. निम्मे म्हणत होते की झालं गेलं गंगेला मिळालं, उद्या त्याला उतरवा, यंदा कप आपलाच.

वस्ताद शेवटी बोलले. "त्या घरी जाऊन आलास का?" तो गप्प. "जाऊन ये, मग बघू."

तो गेला. पोराच्या आईनं दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा गेला, उघडलं नाही. तिसऱ्यांदा उघडलं, आणि तिनं काय सुनावलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्या हंगामात वस्तादांनी त्याला जर्सी दिली नाही. तो मैदानावर फक्की मारायचा, पाण्याची बादली वाहायचा, आम्हा पोरांचे बॉल शिवायचा. तालीम त्याला जेवायला होती, झोपायला होती, त्याच्या कामासाठी वस्तादांनी दोन कारखान्यांत शब्द टाकला. फक्त जर्सी नव्हती. आम्ही पोरं वस्तादांवर चिडलो होतो. उपांत्य सामना एका गोलनं हरलो तेव्हा तर फारच. पुढच्या वर्षी त्याला जर्सी मिळाली. पहिल्या सामन्याला कट्ट्यावर टाळ्या पडल्या, पण उठून कुणी उभं राहिलं नाही.

ही गोष्ट मी स्टार्क्स पार्कवर दोघांना सांगितली. पायावर मसाला भुरभुरत, पाऊस पडत असताना, मोडक्यातोडक्या इंग्रजीत नव्हे, तिथल्या माणसांसोबत राहून शिकलेल्या बोलीत. आजोबा बराच वेळ मैदानाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या वस्तादांनी माझ्या मुलाला बादली दिली असती." मी म्हटलं, "दिली असती." बाई म्हणाल्या, "आमच्या क्लबनं बादली दिली नव्हती. थेट जर्सी दिली होती."

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते दोघांसमोर बोललो. काम मिळणं हा माणसाचा हक्क असेल. पण हजारो लोकांनी ज्याचं नाव ओरडायचं, पोरांनी ज्याचा नंबर पाठीवर छापून घ्यायचा, ती जागा कामापेक्षा मोठी आहे. ती गावानं द्यायची असते, आणि द्यायच्या आधी ज्याचं नुकसान झालं त्याच्या दाराशी कुणी गेलं का, हे विचारायला हवं. गुडविलीनं आरोप कधी मान्य केला नाही, निकालाविरुद्ध अपिलात गेला. तो त्याचा कायदेशीर अधिकार. पण मग माफी कशाची करायची आणि कुणी? क्लबनं हा फुटबॉलचा निर्णय म्हटला, तिथंच सगळं बिघडलं असं मला वाटतं. आमच्या वस्तादांनाही तो राईट आऊट किती चांगला खेळतो हे ठाऊक होतं. त्यांनी ते बैठकीत काढलंच नाही.

आजोबांना हे पुरं पटलेलं नाही. गेल्या महिन्यातही त्यांनी परत विषय काढला.

लेकीला हे सगळं किती कळतं, याची मला काळजी होती. ती शनिवारी सकाळी स्वतः खेळते, डाव्या पायानं चांगली खेळते. परतीच्या गाडीत एकदा तिनं विचारलं, "बाबा, त्या टीचर वर्षभर का आल्या नव्हत्या?" मी जमेल तसं सांगितलं, की एका माणसानं एका मुलीला फार मोठा त्रास दिला असं कोर्टानं म्हटलं होतं, तरी क्लबनं त्याला खेळायला बोलावलं, म्हणून. तिनं विचारलं, "मग मुलींच्या टीमच्या कॅप्टननं काय केलं?" मी म्हटलं, ती क्लब सोडून गेली. किंगहॉर्न येईस्तोवर ती गप्प होती. मग म्हणाली, "तिनं तर काहीच केलं नव्हतं ना?" याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. त्या चार दिवसांत सगळ्यात जास्त गमावलं ते त्या पोरींनी, ज्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

तर तिकीट घ्यावं का? घ्या. माझ्या बघण्यात असा दुसरा क्लब नाही, जिथं एवढं होऊन गेल्यावरही शेजारी बसणारी दोन माणसं त्याबद्दल बोलणं टाळत नाहीत. बाई परत आल्या म्हणून मीही लेकीला निर्धास्त आणतो. त्या ज्या दिवशी येणार नाहीत त्या दिवशी मी कारण विचारीन.

तिकिटाचे दर हंगामागणिक बदलतात, क्लबच्या संकेतस्थळावर बघा, आणि मुलांचं तिकीट वेगळं काढायला विसरू नका. तीनच्या सामन्याला एडिंबराहून सव्वाच्या सुमाराची गाडी बरी पडते, म्हणजे पाय घ्यायला वेळ मिळतो. हिवाळ्यात खुर्च्या गार असतात, घरून जाड घडी नेऊन खाली घाला. डनफर्मलिनशी सामना असेल तर तिकीट आधी काढा, कारण दोन्ही गावं फाइफमधलीच आणि त्या दिवशी आवाज पार स्टेशनपर्यंत येतो. आणि डाव्या हाताला कुणी आजोबा बसलेले दिसले, तर थोडा कांदा-लसूण मसाला जास्त न्या.